फेस बसेपर्यंत

कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाई. पेला पुढे करायचा, धार त्यात पडायची, वर फेस चढायचा आणि माणूस तो तसाच तोंडाला लावायचा. तालमीतून आलेले पैलवान एकापाठोपाठ एक पेले रिकामे करून निघून जात. आमचे घरमालक मात्र पेला हातात धरून उभे राहत. फेस खाली बसला की पेल्यात जेवढी जागा रिकामी दिसे तेवढी पुन्हा भरून घेत, आणि मगच पीत.

"साहेब, लोक फेसासाठी हितं येत्यात," गवळी म्हणायचा.

"त्यांनी फेसाचे पैसे द्यावेत. मी दुधाचे देतो."

संस्थान असताना ते वजन-मापे खात्यात तपासनीस होते. बाजारातल्या तराजूंची आणि शेरांची तपासणी हे त्यांचं काम. संस्थान विलीन झालं, खातं मुंबई सरकारकडे गेलं आणि त्यांना पेन्शन मिळाली. गावात त्यांना मापवाले म्हणत. ते बाजारात दिसले की भाजीवाल्या तराजूची दांडी सरळ करत, इतका त्यांचा धाक पेन्शनीतही टिकून होता. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि गावातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. ते मला बातमीवाले म्हणत.

त्यांना चिक्कू म्हणणारे लोक पुष्कळ होते. ते चूक होतं. एका पावसाळ्यात माझ्या खोलीचं कौल सरकलं आणि दोन दिवस पाणी गळलं. महिन्याअखेर मी भाडं दिलं, तर त्यांनी दोन दिवसांचं भाडं मोजून परत केलं. मी नको म्हणालो. "छपराचे पैसे घेतो मी," ते म्हणाले. "दोन दिवस छप्पर दिलं नाही." न्हाव्याने दाढी घाईत उरकली तर ते खुर्चीतून उठत नसत, आणि त्याने एक हात जास्त फिरवला तर त्याचे पैसे वेगळे देत. आमचं दैनिक ते मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या मुद्रकाच्या नावापर्यंत वाचत. जाहिराती, धान्याचे भाव, हरवल्याच्या सूचना, सगळं. वाचून झालं की घडी घालून म्हणत, "वसूल."

त्यांच्याकडे एक छोटी काळी विलायती मोटार होती. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला एक गोरा इंजिनियर मायदेशी जाताना ती स्वस्तात विकून गेला होता. मोटार जुनी होती, थंडीत हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे, आणि कळंब्याच्या चढावर काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, उतरून चालावं लागे. तिचा विमा मात्र ते दरवर्षी ज्या रीतीने उतरवत, ती रीत मी दोनदा समोर बसून पाहिली.

एजंट गोड माणूस होता. त्याच्या बुटांना कायम पॉलिश असे, आणि काकूंसाठी तो कंपनीचं कॅलेंडर न चुकता आणी. पोह्यांची बशी पुढे आली की मापवाले पॉलिसी उघडत आणि सुरू करत.

"चोरीचा विमा काढून टाका."

"असू द्या की साहेब. सगळ्यांचा असतोय."

"ही गाडी चोरायला दोन माणसं लागतात. एकाने हँडल मारायचं, दुसऱ्याने आत बसायचं. एवढी एकी असलेले चोर कोल्हापुरात नाहीत. काढा."

चोरी निघे. आग निघे, कारण मोटार विहिरीशेजारी उभी असे. स्वतःच्या मोटारीच्या मोडतोडीचा विमाही निघे. एजंटाचा हप्ता बघता बघता आटत जाई आणि त्याचा चेहराही. मग मापवाले एक कलम जादा घालायला सांगत. मोटारीने माणसाला इजा केली तर त्या इजेचा विमा कायद्याने सक्तीचा होता, पण दुसऱ्याच्या मालाचं नुकसान झालं तर त्याचा नव्हता. त्यासाठी वेगळा हप्ता पडे आणि तो घ्या असं एजंटही कुणाला सांगत नसे. मापवाले तो आवर्जून भरत.

"माझी गाडी मोडली तर मी चालत जाईन," ते म्हणत. "दुसऱ्याची हातगाडी मोडली तर तो खाणार काय? विमा घ्यायचा तो ह्याचा. बाकी सगळा फेस."

मोटारीच्या विम्याबद्दल याहून शहाणं वाक्य मी नंतरच्या आयुष्यात ऐकलेलं नाही, कंपन्यांच्या तोंडून तर नाहीच.

शेवटी एक कलम उरे. अपघात झाला तर कंपनीच्या परवानगीवाचून विमेदाराने चूक कबूल करायची नाही, असं ते कलम होतं. मापवाले ते मोठ्याने वाचत, त्यावर पेनाने आडवी रेघ मारत आणि रेघेशेजारी सही करत.

"हे मला मान्य नाही. खरं बोलायला मी परवानगी घेणार नाही."

"मारा की रेघ," एजंट हसून म्हणे. "मुंबईच्या कचेरीत कोण वाचतंय?"

तो पोहे संपवून, कॅलेंडर खुंटीला लावून निघून जाई. रेघ मारलेला कागद मापवाल्यांकडे राही. कंपनीकडच्या कागदावर रेघ नसे. एजंटाला हे ठाऊक होतं, मापवाल्यांना मात्र सही केलेली रेघ पुरेशी वाटे.

अपघात झाला तो सकाळी, आणि तोही कट्ट्यावरच. मापवाले काकूंना स्टेशनवर सोडून परत येत होते. कट्ट्याच्या वळणावर एका नव्या गवळ्याने गिऱ्हाइकाच्या पेल्यात उंचावरून धार सोडली होती आणि पेला निम्म्याहून जास्त फेसाने भरला होता. मापवाल्यांची नजर त्या पेल्यावर खिळली. मोटार सरळ गेली. त्यांच्याच नेहमीच्या गवळ्याची म्हैस रस्त्याच्या कडेला, जिथे ती रोज उभी असे, तिथेच उभी होती. मोटारीचा पुढचा भाग तिच्या मागच्या पायावर बसला. पाय मोडला. मोडक्या पायाची म्हैस पुन्हा उभी राहत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

गर्दी जमली. चौकीवरचा हवालदार आला. मापवाले खाली उतरले, टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. मी रस्त्याकडे बघत नव्हतो."

एक म्हातारा पैलवान त्यांच्या कानाशी लागला. "अवो, हळू बोला की. हवालदार ऐकतोय."

"त्याच्यासाठीच बोलतोय."

गवळी म्हशीच्या मानेवर हात ठेवून बसला होता. त्याच्याकडे दोनच म्हशी होत्या. ही दुभती, दुसरी गाभण. मापवाले त्याच्यापुढे गेले. "तुझं सगळं भरून मिळेल. मी ह्याचाच विमा उतरवलाय." कट्ट्यावरची रीत अशी होती की नुकसान झालं तर चार जाणती माणसं तिथेच बसून आकडा ठरवत आणि चुकलेल्याने तो द्यायचा. माणसं बसली, त्यांनी म्हशीची वाजवी किंमत सांगितली, कुणी घासाघीस केली नाही. अर्ध्या तासात निवाडा झाला. पुढचा सगळा वेळ गेला तो लिहिता-वाचता येणाऱ्यांमुळे.

पहिली कामगिरी आमच्या दैनिकाची. मी दिलेली बातमी उपसंपादकाने नेहमीच्या साच्यात बसवली आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं की म्हैस अचानक आडवी आल्याने गंगावेशीत मोटारीला अपघात झाला. अपघाताच्या सगळ्या बातम्यांत कोणी ना कोणी आडवं येतच असे. बैल, सायकलवाला, म्हातारी. मापवाले अंक घेऊन माडीवर आले.

"तुम्ही हे लिहिलंत?"

"नाही. कचेरीत बदललं."

"म्हैस उभी होती. दुरुस्ती छापा."

दुरुस्ती छापली गेली नाही. संपादक म्हणाले, म्हशीने तक्रार केलेली नाही.

संध्याकाळी एजंट आला तो तोच अंक हातात घेऊन, आणि खुशीत. "साहेब, काम झालं. पेपरातच आलंय. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या, म्हैस आडवी आली. हवालदाराशी मी बोलतो. बाकी मी मुंबईला सांभाळतो."

गवळी पायरीवर बसला होता. तोही म्हणाला, "लिवा की साहेब. म्हशीला काय वाचता येतंय व्हय?"

मी हसलो. मापवाले हसले नाहीत. "ती उभी होती. तू तिला तिथं उभी केली होतीस. ती आडवी आली तर चूक तुझी ठरते. मग कंपनी तुला कशाचे पैसे देईल?"

एजंटाने अंक काखेत मारला. इतका सरळ प्रश्न बहुधा त्याला कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "काहीतरी तडजोड होतीय साहेब. थोडंफार मिळतं."

"थोडंफार नको. पुरं."

काही आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. विमेदाराने परवानगीवाचून, पोलिसासमक्ष चूक कबूल केल्याने अट मोडली आहे. सबब भरपाई देता येत नाही. कलमावर रेघ असल्याचं मुंबईच्या कचेरीला दिसून आलेलं नाही.

या प्रकरणात कोणी कायदा मोडला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. कंपनीने हप्ता घेतला तो कायदेशीर होता. नकार दिला तोही कायदेशीर होता. चूक कबूल केली म्हणून पैसे नाहीत. कबूल केली नसती तर चूक सिद्ध झाली नाही म्हणून पैसे नाहीत. या दोहोंच्या मध्ये एक चिंचोळी वाट होती. थोडं खोटं बोलायचं, एजंटाला मध्ये घालायचं आणि जे मिळेल ते गुपचूप घ्यायचं. कोल्हापुरातले मोटारवाले त्या वाटेने सर्रास जात होते आणि तिला व्यवहार म्हणत होते. खरं बोलणाऱ्या माणसाला लागू पडेल असं काहीच त्या पॉलिसीत नव्हतं. त्याच्याकडून हप्ता मात्र घेतला जात होता.

मापवाले कंपनीच्या गावातल्या कचेरीत गेले. मी बरोबर होतो.

"मी इतकी वर्षं काय विकत घेतलं?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"संरक्षण."

"कुणाचं?"

मॅनेजरने घंटी वाजवून चहा मागवला. मापवाल्यांनी चहा घेतला नाही. ते बाकावर बसले, पिशवीतून आमचं दैनिक काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोज. कचेरी उघडताना जात आणि बंद होताना उठत. कारकून आधी अवघडले, मग त्यांना धान्याचे भाव विचारू लागले. मॅनेजरने एकदा कारण विचारलं तेव्हा ते वर बघून म्हणाले, "हा पंखा तरी माझ्या हप्त्यातला आहे. तेवढा वसूल करतो."

गावाने ही गोष्ट चवीने सांगितली. मलाही तेव्हा गंमत वाटली. पण पंख्याखाली ते बसले होते तोवर गवळ्याच्या गोठ्यात एकच म्हैस होती, आणि ती अजून व्यायची होती. त्याची बांधलेली गिऱ्हाइकं नव्या गवळ्याकडे गेली, त्याच उंचावरून धार सोडणाऱ्याकडे. तो स्वतः शाहूपुरीत गुळाच्या ढेपा उचलायला जाऊ लागला. मापवाले वाट बघायला सांगत राहिले, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असलेला माणूसही दुसऱ्याला किती दिवस उपाशी ठेवू शकतो, याचा राग मला त्यांच्यावरही आला. तो कंपनीवरच्या रागापेक्षा कमी होता, पण होता.

एका सकाळी गवळी घरी आला. बसला नाही.

"साहेब, तुमचं खरं हाय. आख्खा कट्टा म्हणतोय खरं हाय. पण ते दूध देत न्हाय."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत ना?" मापवाल्यांनी मान हलवली. वकिलाने आदल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं की दावा लावता येईल, पण निकाल लागेपर्यंत त्या म्हशीची रेडकंही म्हातारी होतील.

त्याच आठवड्यात मोटार विकली गेली. घेणारा एजंट होता. त्याने भाव पाडून घेतली, आणि मापवाल्यांनी प्रथमच घासाघीस केली नाही, कारण वडगावचा जनावरांचा बाजार दोन दिवसांवर होता. गवळ्याला घेऊन ते बाजारात गेले. मी पुन्हा बरोबर होतो. प्रत्येक म्हशीची धार काढायला लावली आणि फेस बसेपर्यंत भांडं हातात धरून उभे राहिले. व्यापारी वैतागले. "पावणं, म्हस घेताय का परीक्षा?" एकाने विचारलं. चौथी म्हैस पसंत पडली. गवळ्याने कासरा हातात घेतला आणि म्हणाला, "आधीच्या परास बरी हाय, साहेब." त्यावर मापवाल्यांनी विचारलं, "किती बरी? जास्त असेल तर ते मी दिलं. कंपनीच्या नावावर धरू नकोस."

त्यानंतर ते सगळीकडे चालत जात. सकाळी कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाऊन येण्याचा त्यांचा नेम झाला. ऊस गाळपाच्या दिवसांत त्या रस्त्याने गुऱ्हाळाकडे बैलगाड्या जात. अशाच एका सकाळी काळी मोटार मागून आली, हॉर्न न वाजवता, आणि डाव्या बाजूने चाललेल्या उसाच्या गाडीवर आदळली. गाडीवान खाली पडला आणि गाडीचं चाक त्याच्या पावलावरून गेलं. एजंट उतरला. त्याच्या बुटांना पॉलिश होतं. लोक जमायच्या आत त्याने मोठ्याने सांगितलं, "गाडीवान आडवा आला."

मग त्याला झाडाखाली उभे असलेले मापवाले दिसले.

"साहेब, तुम्ही कुठं बघत होता?"

"रस्त्याकडे. आता सवय लागलीय."

एजंटाने कलम तंतोतंत पाळलं होतं. काही कबूल केलं नव्हतं, कंपनीला वेळेत कळवलं होतं, आणि मोटारीचं मडगार्ड महिन्याभरात कंपनीच्या खर्चाने नवं झालं. गाडीवानाच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. त्याला कोणी काही दिलं नाही, कारण तो आडवा आला होता. आमच्या दैनिकातही तसंच छापून आलं.

गाडीवानाला कोर्टात नेलं ते मापवाल्यांनी. वकील त्यांनीच पाहिला, आणि साक्षही त्यांनीच दिली. ते आता विमेदार नव्हते. त्यांच्या खरं बोलण्यावर कुठल्याच कलमाचा हक्क नव्हता. कंपनीचा वकील पुण्याहून आला होता. त्याने उलटतपासणीत जुनं प्रकरण उकरून काढलं.

"कंपनीने तुमची भरपाई नाकारली होती?"

"होय."

"तुमचा कंपनीवर राग आहे?"

"आहे."

"एजंटावरही आहे?"

"त्याच्यावरही आहे."

वकील न्यायाधीशांकडे वळून किंचित हसला आणि खाली बसू लागला.

"पण गाडीवान आडवा आला नव्हता," मापवाले म्हणाले. "तो डावीकडून चालला होता. मी पाहिलंय."

निकाल गाडीवानाच्या बाजूने लागला. माणसाला झालेली इजा होती, विमा सक्तीचा होता, कंपनीला पळवाट उरली नाही. पैसे चुकते झाले. कोर्टाच्या आवारात गवळीही आला होता. त्याने मापवाल्यांना विचारलं, "साहेब, मग तुमचं वसूल झालं म्हणायचं?" मापवाले म्हणाले, "माझ्या हप्त्यात नाही झालं. पण कंपनीकडून झालं." मग माझ्याकडे वळले. "बातमीवाले, हे छापणार ना?"

मी बातमी लिहिली. कोण उभं होतं, कोण डावीकडून चाललं होतं, कोणी काय सांगितलं आणि कोर्टाने काय ठरवलं, एवढंच. विशेषण एकही नव्हतं. संपादकांनी ती वाचली, चांगली आहे म्हणाले आणि खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मापवाले ओट्यावर अंक घेऊन बसले. मी जिन्याच्या पायरीवर थांबलो. त्यांनी पहिलं पान वाचलं. त्या पानावर खालच्या बाजूला विमा कंपनीची जाहिरात होती. ती त्यांनी इतर मजकुराइतक्याच सावकाश वाचली. मग आतली पानं, भाव, सूचना, शेवटी मुद्रकाचं नाव. चष्मा काढला.

"बातमी नाही."

"नाही."

"जागा नव्हती?"

"जागा होती."

त्यांनी अंकाची घडी घातली. वसूल म्हणाले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी पेपरवाल्याला उद्यापासून टाकू नको म्हणून सांगितलं. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले होते आणि महिना अर्धाही सरला नव्हता. पेपरवाला उरलेले पैसे द्यायला दोनदा आला. ते त्यांनी घेतले नाहीत.

मी त्या घरात पुढेही बरीच वर्षं राहिलो. त्यांनी आपण होऊन कमी माप भरून न घेता सोडून दिल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण.